बेसमेंटमधला हत्ती



ह्या अंकासाठी खरं म्हणजे आम्ही दुसऱ्याच विषयावर लिहायला बसलो होतो. पण गेले दोन महिने आमच्या घरात एकच विषय चालू आहे, आणि घरात जो विषय चालू असतो तोच लेखणीतून उतरतो, त्याला आमचा इलाज नाही. विषय आहे आमच्या बेसमेंटमधला हत्ती. हत्ती म्हणजे १९९९ साली घेतलेला त्रेपन्न इंची रिअर प्रोजेक्शन टीव्ही.

मुलं आपापल्या गावी गेली, गुडघे कुरकुरू लागले, तेव्हा हे जिन्यांचं घर विकून लहान घरात जायचं आम्ही ठरवलं. नव्या घरात नवा टीव्ही हवा, हेही ओघानं आलंच. त्यावर सौ.नं फर्मान काढलं, "अहो, तो हत्ती बाहेर जाईल तेव्हाच दुसरा टीव्ही आत येईल." त्यामुळे सध्या आम्ही एकीकडे जुना टीव्ही घालवण्याच्या आणि दुसरीकडे नवा निवडण्याच्या खटपटीत आहोत. तसले टीव्ही आता इतिहासजमा झाले. शेवटपर्यंत ते बनवणाऱ्या मित्सुबिशीनंही २०१२ च्या डिसेंबरात त्यातून अंग काढून घेतलं. पण तो निवडताना आम्ही जी चूक केली, ती करायला आजही पूर्ण वाव आहे. म्हणून ही हकीगत.

१९९९ च्या ऑक्टोबरात आमची आई पुण्याहून सहा महिन्यांसाठी यायची होती. त्याआधी एकदा ती ऐन थंडीत आली होती. आम्ही दोघं नोकरीवर, मुलं शाळेत, बाहेर बर्फ. आई दिवसभर खिडकीशी बसून असायची. जाताना एवढंच म्हणाली होती, "सगळं छान आहे रे तुमचं. पण दिवसभर माणसाचा आवाज येत नाही." ते वाक्य आमच्या मनात रुतून बसलं होतं. ह्या खेपेला तिला मराठी नाटकांच्या आणि जुन्या सिनेमांच्या कॅसेटी आणून द्यायच्या, आणि त्या बघायला चांगला मोठा टीव्ही घ्यायचा, असा आमचा बेत होता. आमचाही थोडा स्वार्थ होता, नाही असं नाही. सत्तावीस इंचाच्या टीव्हीसमोर मंडळाची पंधरा माणसं क्रिकेटला जमली की मागच्यांना फक्त पुढच्यांची टकलं दिसत.

लेबर डेच्या सेलला आम्ही दुकानांच्या वाऱ्या सुरू केल्या. बरोबर मंडळातले एक जाणकार इंजिनिअर मित्र. त्यांनी गाडीतच वर्ग घेतला. ह्या पेटीच्या तळाशी तीन लहान ट्यूब असतात, एक लाल, एक हिरवी, एक निळी. प्रत्येक साधारण सात इंचांची. तिन्हींची चित्रं भिंगांतून निघून मागच्या आरशावर पडतात आणि तिथून पडद्याच्या पाठीवर. आपण बघतो पडद्याच्या पुढून. तिन्ही चित्रं एकमेकांवर तंतोतंत बसली तर ठीक, नाहीतर बातम्या देणाऱ्या बाईंच्या केसांना एका बाजूनं लाल आणि दुसऱ्या बाजूनं निळी किनार! हे जुळवण्यासाठी पडद्यावर फुल्या आणून त्या एकमेकींवर बसवाव्या लागत. टीव्ही अर्धा तास तापल्यावरच हे काम करायचं, आणि टीव्ही जागचा हलवला की पुन्हा पहिल्यापासून.

दुकानात गेल्यावर डोळे दिपले. मित्र म्हणाले, "दिपणारच. ह्यांनी कॉन्ट्रास्ट शेवटपर्यंत चढवून ठेवलाय. दुकानातल्या ट्यूबलाइटपुढे उठून दिसावा म्हणून. घरी गेल्यावर पहिलं काम, तो निम्म्यावर आणा. नाहीतर ट्यूब लवकर म्हाताऱ्या होतील, आणि चॅनेलचा बिल्ला दिवसभर एका कोपऱ्यात राहिला तर त्याचा डाग कायमचा उमटेल." हा सल्ला आम्ही तिथेच डायरीत लिहून घेतला.

मग आला आकाराचा प्रश्न. आदल्या वर्षीच, म्हणजे १९९८ च्या नोव्हेंबरात, अमेरिकेत डिजिटल प्रक्षेपण सुरू झालं होतं. दुकानदार सोळास नऊ आकाराच्या रुंद टीव्हीची भलावण करत होता. "एचडी रेडी आहे," म्हणाला. रेडी म्हणजे नवरदेव तयार, नवरी अजून शोधायची. एचडीचा रिसीव्हर वेगळा विकत घ्यायचा. किंमत जवळजवळ दुप्पट. मित्रानं कागदावर हिशोब मांडला. पंचावन्न इंची रुंद पडद्याची उंची भरते सत्तावीस इंच. त्यावर आपली चारास तीन आकाराची नेहमीची कॅसेट लावली की दोन्ही बाजूंना पट्ट्या येणार आणि चित्र उरणार पंचेचाळीस इंची. उलट जुन्या आकाराच्या त्रेपन्न इंची पडद्याची उंची बत्तीस इंच, आणि चित्र पूर्ण पडदाभर. आम्ही बघणार काय? तर नाटकांच्या कॅसेटी आणि क्रिकेट. त्या काळी सगळं चारास तीनच. तेव्हा जुन्या आकाराचा त्रेपन्न इंची घ्यायचा ठरला. हा हिशोब अगदी बरोबर होता, हे आम्ही आजही छातीठोकपणे सांगू.

मित्र म्हणाले, "आता बाजूनं बघून घ्या." आम्ही डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, पार भिंतीला टेकून पाहिलं. चित्र सगळीकडून चांगलं होतं. सौ.नं पसंतीची मान हलवली. पैसे भरले.

टीव्ही घरी आला तेव्हा तो जिन्याच्या वळणावर अडकला. दोनशे पौंडांच्या वरचं ते धूड. मंडळाचे सहा स्वयंसेवक "मोरया" करत विसर्जनाला निघाल्यासारखे त्याला खाली घेऊन गेले, आणि नंतर सौ.नं केलेल्या साबुदाण्याच्या खिचडीचा फडशा पाडून परतले.

आई आली. पहिल्या शनिवारी मोठ्या थाटात नाटकाची कॅसेट लावली. चित्र जरा भुरकट होतं, पण तो टीव्हीचा दोष नव्हता. भारतातली कॅसेट पॅलची, ६२५ ओळींची. इथल्या एनटीएससीच्या ५२५ ओळी. त्या रूपांतरात निम्मी जान जाते. शिवाय सत्तावीस इंचांवरून त्रेपन्नवर गेलं की चित्र चौपट होतं, आणि कॅसेटचे दोषही चौपट होतात. हे आम्ही आईला सविस्तर समजावून दिलं. आईनं ऐकून घेतलं. म्हणाली, "जरा काळोखी दिसतंय रे." आम्ही दिवे मालवले. "आता?" "हं, बरंय."

पुढच्या पंधरा दिवसांत आईचं खाली येणं कमी झालं. मग बंदच झालं. ती आपली पुन्हा वरच्या खिडकीशी. विचारलं की म्हणायची, "जिना चढवत नाही." कधी म्हणायची, "मेलं डोळ्यांना त्रास होतो." आमच्या मनात एकच शब्द आला, मोतीबिंदू. डॉक्टरांची वेळ घेतली. पाहुण्यांना इथे विमा नसतो, तेव्हा पदरचे पैसे भरले. डॉक्टरांनी डोळ्यांत औषध घालून, दिवा मारून तपासलं. मोतीबिंदूची नुसती सुरुवात आहे, वयाच्या मानानं डोळे छान आहेत, असा निर्वाळा दिला. परत येताना आई गाडीत म्हणाली, "मी सांगत होते ना. अजून सुईत दोरा ओवते मी." आम्ही म्हटलं, "मग टीव्ही का दिसत नाही?" ती गप्प बसली. आम्हीही गप्प बसलो. खरं सांगायचं तर थोडे रागावलोच होतो. एवढा खर्च केला, एवढा खटाटोप केला, आणि हिला त्याचं काहीच नाही!

मार्चमध्ये, आई परत जायला दहा दिवस उरले असताना, एका रविवारी आम्ही खाली मॅच बघत होतो. सौ.नं मटार सोलायला दिले होते. पातेलं कलंडलं आणि मटार कार्पेटभर झाले. ते वेचायला आम्ही खाली मांडी घालून बसलो, आणि सहज वर पाहिलं. पडदा काळवंडला होता. माणसं दिसत होती, पण संध्याकाळी विजेचा दाब उतरल्यावर घर दिसतं तशी. सोफ्यावर बसलो, लख्ख. खाली बसलो, अंधार. पुन्हा वर, पुन्हा खाली. सौ. जिन्यात उभी राहून बघत होती. तिला वाटलं, आम्हाला काही झालंय. 

आमची आई आयुष्यात कधी सोफ्यावर बसून टीव्ही बघायला बसली नव्हती. तिची बैठक जमिनीवर, मांडी घालून, पाठ भिंतीला. ते आम्ही रोज बघत होतो.

संध्याकाळी मित्राला फोन केला. ते एक क्षण गप्प झाले, मग म्हणाले, "अरेच्चा, हे मी सांगायला हवं होतं." ह्या पडद्यात बारीक उभ्या रेघांची भिंगं असतात. ट्यूबचा प्रकाश मुळात थोडा. तो चहूकडे उधळला तर चित्र फिकं पडेल, म्हणून तो डावी-उजवीकडे भरपूर पसरवायचा आणि वरखाली मोजकाच जाऊ द्यायचा, अशी रचना. सोफ्यावर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांची उंची धरून सगळा हिशोब. उभं राहिलात तरी अंधार, जमिनीवर बसलात तरी अंधार. आम्ही दुकानात डावी-उजवीकडून पाहिलं होतं. खाली बसून पाहायचं कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

आईला विचारलं, "अगं, बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "तुम्ही एवढ्या हौसेनं आणलेला. खुर्चीवर पाय लोंबकळत ठेवून मला तीन तास बसवत नाही. म्हटलं, कशाला उगाच विरस करा."

दुसऱ्याच दिवशी लाकूड आणलं आणि सोफ्याच्या उंचीचा, मांडी घालून ऐसपैस बसता येईल असा दिवाण ठोकला. सुतारकाम यथातथाच होतं, पण पाय डगमगत नव्हते. वर गादी घातली, मागे लोड ठेवला. आई येऊन बसली, पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "अगोबाई, हिची साडी हिरवी आहे होय!" उरलेल्या आठ दिवसांत तिनं अकरा कॅसेटी संपवल्या. त्यानंतर ती दोनदा आली, आणि दोन्ही खेपांना दिवाण तिचाच होता. आता ती नाही.

असो. टीव्ही मात्र टिकला. १२ जून २००९ ला इथलं जुन्या पद्धतीचं अॅनालॉग प्रक्षेपण बंद झालं, तेव्हा त्याच्या डोक्यावर आणखी एक डबा आला, एवढंच. आता ट्यूब थकल्या आहेत आणि प्रत्येक पांढऱ्या अक्षराभोवती प्रभावळ दिसते. फुकट न्या म्हटलं तरी कोणी नेत नाही. न्यू जर्सीत २०११ पासून टीव्ही नेहमीच्या कचऱ्यात टाकायला बंदी आहे, तेव्हा तो ई-कचऱ्याच्या केंद्रावरच न्यावा लागेल. ज्यांच्या बेसमेंटमध्ये अजून असा हत्ती असेल, त्यांना एक विनंती: हलका करायच्या नादात तो स्वतः उघडू नका. त्या ट्यूबांना हजारो व्होल्टचा दाब लागतो, आणि प्लग काढल्यावरही तो आत राहू शकतो.

गेल्या आठवड्यात नवा टीव्ही बघायला गेलो. चिरंजीवांनी फोनवरून आकार आणि आकडे कळवले होते. एलसीडी जातीतले काही पडदे समोरून झकास, पण बाजूला सरकलं की फिकट होतात. काही बाजूनं बरे दिसतात, पण अंधाऱ्या खोलीत त्यांचा काळा रंग राखाडी वाटतो. ओलेडमध्ये काळा खरोखर काळा आणि चित्र सगळीकडून चांगलं. पण तिथेही एकच बिल्ला वर्षानुवर्षं कोपऱ्यात राहिला तर डाग पडण्याची भीती आहेच, आणि भर उन्हाच्या खोलीत झगझगीत एलसीडी सरस ठरतो. हे सगळं विक्रेत्या पोरानं आम्हाला नीट सांगितलं. मग आम्ही त्याला म्हटलं, "जरा थांब हं," आणि दुकानाच्या फरशीवर मांडी घालून बसलो. शेजारी सौ.ही बसली. आमची नात टीव्ही बघते ती जमिनीवर पालथं पडून, हनुवटीखाली हात घेऊन. फायरप्लेसच्या वर टांगलेला टीव्ही तिला तिथून कसा दिसेल, हे सोफ्यावर बसून कसं कळणार?

पोरगा घाबरून धावत आला. त्याला वाटलं, आजोबांना चक्कर आली. चक्कर नव्हती, पण उठताना मात्र त्याचा हात धरावा लागला.

टीव्ही ठरला. हत्ती पुढच्या शनिवारी जाणार आहे. खिचडीच्या बोलीवर स्वयंसेवक हवे आहेत. जुन्या सहांपैकी कोणी येणार असेल तर कमरेची काळजी घेऊन यावं. दिवाण मात्र आमच्याबरोबर नव्या घरी येतो आहे. त्याबद्दल सौ.नं अजून फर्मान काढलेलं नाही.