नियंत्रणाची किल्ली कोणाच्या हाती?

बारावीचा आणि प्रवेशपरीक्षेचा निकाल लागला की मध्यमवर्गीय घरांतून एक ठरलेला संवाद ऐकू येतो. संगणक शाखा पहिली, माहिती तंत्रज्ञान दुसरे, इलेक्ट्रॉनिक्स तिसरे. आणि यांपैकी काहीच पदरात पडले नाही, तर 'इन्स्ट्रुमेंटेशन'. प्रवेशफेरीच्या अर्जात ही शाखा नाइलाजाने लिहिली जाते, नाइलाजाने स्वीकारली जाते आणि पदवी हाती येताच अनेकदा आनंदाने सोडूनही दिली जाते. मुलगा सॉफ्टवेअर कंपनीत रुजू होतो, घरात पेढे वाटले जातात. या व्यवहारात कुटुंबाचे भले होत असेल. परंतु देशाचे काय गेले, याचा हिशेब कोणी मांडत नाही. तो मांडण्याची वेळ आली आहे.

मापन आणि नियंत्रण ही यंत्राला डोळे आणि भान देणारी विद्या आहे. तापमान, दाब, पातळी आणि प्रवाह अचूक मोजायचे, हवे त्या मूल्याशी ताडून पाहायचे, फरक आढळला तर झडप किंचित उघडायची वा मिटायची आणि पुन्हा मोजायचे. हे चक्र अखंड चालते म्हणून वीजकेंद्र चालते, खताचा कारखाना चालतो, औषधाची प्रत राखली जाते. ही विद्या परक्या भूमीतून नुकतीच आलेली नाही. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी १९०३ साली स्वयंचलित जलद्वारांचे पेटंट घेतले आणि ती दारे प्रथम पुण्याजवळच्या खडकवासल्याला बसली. पाणी ठरलेल्या पातळीवर चढले की दारे आपोआप उघडत, उतरले की आपोआप मिटत. विश्वेश्वरय्या पुण्याच्या तत्कालीन 'कॉलेज ऑफ सायन्स'चे विद्यार्थी. ती संस्था आज सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ म्हणून ओळखली जाते आणि तेथे ही शाखा शिकवली जाते. ज्या भूमीत हे घडले, त्याच भूमीत आज ही शाखा 'उरलीसुरली' ठरावी, याहून मोठा दैवदुर्विलास कोणता?

मापनाकडे दुर्लक्ष केल्याची किंमत या देशाने मोजलेली आहे. १९८४ च्या २ आणि ३ डिसेंबरमधील त्या रात्री भोपाळमध्ये विषारी वायूच्या टाकीतील दाब वाढत होता. नियंत्रणकक्षातील काटा ते दाखवतही होता. परंतु टाकी थंड ठेवणारी यंत्रणा आधीच बंद करून ठेवलेली होती आणि मापकांच्या आकड्यांवर कामगारांचा विश्वास उरलेला नव्हता. मापक खोटे बोलतो, अशी कामगारांची खात्री पटू देणे, हाच त्या कारखान्याच्या व्यवस्थापनाचा मोठा अपराध होता. हजारो निरपराध माणसे त्यात प्राणास मुकली. ज्या विद्येच्या अभावी शहरे स्मशाने होतात, ती विद्या दुय्यम कशी?

दुसरा धडा परदेशातील आहे. २०१० साली 'स्टक्सनेट' नावाची विघातक आज्ञावली उघडकीस आली. इराणमधील नतान्झ येथील युरेनियम समृद्धीकरण केंद्रावर ती सोडण्यात आली होती. तेथील नियंत्रक जर्मन बनावटीचे होते. त्या आज्ञावलीने यंत्रांची गती बिघडवली आणि त्याच वेळी अभियंत्यांच्या पडद्यावर सारे सुरळीत असल्याचे आकडे दाखवले. यंत्र इराणचे, भूमी इराणची, अभियंतेही इराणचे. पण नियंत्रकाच्या अंतरंगाचे ज्ञान दुसऱ्यांपाशी! एक गोळीही न झाडता कारखाना निकामी करता येतो, हे त्या घटनेने जगाला दाखवून दिले.

आणि आपल्याकडे काय चित्र आहे? मापन-नियंत्रणाची उपकरणे देशातच घडावीत म्हणून १९६४ साली कोटा येथे 'इन्स्ट्रुमेंटेशन लिमिटेड' हा सार्वजनिक उपक्रम स्थापन झाला. उदारीकरणानंतर तो तोट्यात रुतत गेला आणि २०१६ साली त्याचा कोटा येथील कारखाना बंद करण्याचा निर्णय झाला. सत्तेवर पक्ष कोणता होता, हा येथे प्रश्नच नाही. अर्ध्या शतकाचा अनुभव विझत असताना समाजात हळहळसुद्धा उमटली नाही, हे खरे दुखणे आहे.

यावर काही विद्वान म्हणतील, जगाच्या बाजारात उत्तम नियंत्रक विकत मिळतात, मग ते येथे घडवण्याचा अट्टहास कशासाठी? त्यांनी जपानकडे पाहावे. १९४५ साली भस्मसात झालेल्या त्या देशातील योकोगावा कंपनीने १९७५ साली, म्हणजे अवघ्या तीस वर्षांत, अमेरिकेच्या हनीवेलच्या बरोबरीने संगणकाधारित विकेंद्रित नियंत्रणप्रणाली बाजारात आणली. दूर कशाला? १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर कॅनडाने अणुसहकार्य तोडले. तरीही राजस्थानातील दुसरी अणुभट्टी भारतीयांनीच पूर्ण केली आणि १९८१ साली तिची व्यावसायिक वीजनिर्मिती सुरू झाली. अणुभट्ट्यांची नियंत्रण-उपकरणे घडवण्यासाठी हैदराबादेत १९६७ पासून ईसीआयएल उभी होती. विकत मिळते तोवर सारेच स्वस्त वाटते. विकणाऱ्याने हात आखडता घेतला की मगच स्वावलंबनाचे मोल कळते.

म्हणून पहिला प्रश्न विद्यापीठांना विचारला पाहिजे. विद्यार्थ्याला परदेशी कंपनीचा नियंत्रक कोणती कळ दाबून चालवायचा एवढेच शिकवायचे, की तो नियंत्रक आतून कसा विचार करतो हेही? पहिले शिक्षण चालक घडवते, दुसरे निर्माता. शाखेच्या नावात 'ऑटोमेशन' वा 'रोबोटिक्स' घातल्याने जागा भरतील. पण प्रयोगशाळेत धूळ खात पडलेले ट्रान्समीटर त्यामुळे अचूक मोजू लागणार नाहीत. चाकण, तारापूर, लोटे येथील उद्योजकांनीही नुसते तयार मनुष्यबळ मागू नये. आपल्या कारखान्यातील खरे प्रश्न महाविद्यालयांच्या दारी न्यावेत.

आणि शेवटचा प्रश्न घराघराला आहे. सीमेवर उभ्या असलेल्या सैनिकाचा आपण योग्य अभिमान बाळगतो. रात्रपाळीला नियंत्रणकक्षात बसून लाखो घरांचे दिवे आणि हजारो कामगारांचे प्राण राखणाऱ्या अभियंत्याचा अभिमान किती घरांना वाटतो? यंदा अर्ज भरताना एखाद्या मुलीने वा मुलाने ही शाखा पहिल्या क्रमांकावर लिहिली, तर त्याला वेड्यात काढू नका. देशाच्या यंत्रांची किल्ली देशाच्याच हाती राहावी, यासाठी कोणीतरी ती घडवायला शिकलेच पाहिजे.