चिंचेचा गोळा

ज्या वाचकांच्या घरी आजेसासूबाईंच्या वेळची पितळी भांडी अद्याप माळ्यावर जपून ठेवलेली असतील, त्यांनी पुढील हकीकत लक्षपूर्वक वाचावी. इतरांनी केवळ करमणुकीखातर वाचली तरी आमची हरकत नाही. हकीकत आमच्याच फजितीची असल्यामुळे ती आजवर आम्ही दडवून ठेविली होती, हे सांगणे नकोच.

२०२३ सालची कोजागिरी २८ ऑक्टोबरास, शनिवारी आली. आम्ही पंधरा स्नेह्यांस गच्चीवर दुग्धपानाचे आमंत्रण महिनाभर आधीच देऊन बसलो होतो. आणि मग पंचांग उघडून पाहतो तो त्याच रात्री एक वाजून पाच मिनिटांनी खंडग्रास चंद्रग्रहण! वेध दुपारपासूनच लागावयाचे. घरात तत्काळ दोन पक्ष पडले.

"वेधांत का कुणी दूध आटवतात?" काकूंनी विचारले.

यावर आमच्या धाकट्या बंधूंची पत्नी हळूच म्हणाली, "काकू, सावली चंद्रावर पडते, दुधावर नाही." ही मुलगी वैशाखात लग्न होऊन आमच्या घरी आली. महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकविते. पण घरात वडिलांपुढे तिने तोंड उघडलेले आम्ही तोवर पाहिले नव्हते. आम्ही तिचा पक्ष मोठ्या आवेशाने उचलून धरला. (सुधारकपणा फुकटात पदरात पडत असेल, तर तो आम्ही सहसा सोडीत नाही.) काकू "तुमचे तुम्ही बघा" एवढेच बोलून जपाला बसल्या.

आता आमची कामगिरी. कल्हई केलेले आजींचे मोठे पातेले आम्ही माळ्यावरून काढविले आणि ते बाहेरून लखलखीत करण्याचे काम, घरातील स्त्रीवर्गास न जुमानता, स्वतःकडे घेतले. चिंच आणि मीठ घेऊन आम्ही दोन तास अंगणात बसलो होतो. पितळेवरचा काळेपणा चिंचेतील आम्लाने झटकन सुटतो, हा अनुभव खरोखरच आनंददायक आहे; इतका, की उरलेला चिंचेचा गोळा क्षणभर पातेल्याच्या आत ठेवून आम्ही शेजाऱ्यांस आपली कलाकृती दाखविण्यास गेलो. परत आल्यावर पातेले बाहेरून विसळले, त्यावर ताट झाकले आणि फर्मान सोडले, "स्वच्छ आहे. आता कुणी हात लावू नये."

रात्री गच्चीवर विजेचा दिवा लावावयाचा नाही, हाही आमचाच दंडक. चांदण्याच्या अंदाजाने सूनबाईने आठ लिटर दूध (काकू अजून शेरच म्हणतात) पातेल्यात ओतले. केशर पडले, वेलदोडे पडले, चारोळ्या पडल्या. मंडळी जमली. दूध तापून वर येऊ लागले, आणि आम्ही चंद्रप्रकाशाच्या शीतलतेविषयी चार शब्द बोलत असतानाच पातेल्यात गठ्ठे दिसू लागले.

प्रथम गवळ्याचा उद्धार झाला. मग जिन्याजवळून काकूंचा आवाज आला, "वेधांचे दूध ते! मी सांगत होते. नव्या मुलींना सगळेच समजते."

सूनबाईचा चेहरा पडला. पंधरा परकी माणसे तिच्याकडे पाहत होती. आम्हांस एव्हाना गोळ्याची लख्ख आठवण झाली होती. बोलावयास पाहिजे होते. परंतु ग्रहणाने आमचे पाप आपल्या अंगावर घेतलेले पाहून आम्ही चंद्राकडेच पाहत राहिलो. असे चांगले दहा मिनिटे.

ती मात्र डगमगली नाही. "दादा, दुधात काहीतरी आंबट गेले आहे," ती आम्हांस म्हणाली. "दुधातल्या प्रथिनांत ऐंशी टक्के केसीन असते. तापलेल्या दुधात आम्ल पडले, की ते गोळा होते. छेना करतात तो असाच. फुकट काही गेले नाही." तिने पंचा मागविला, सर्व दूध त्यात ओतले, पाणी निथळू दिले, आणि पिळण्यासाठी पुरचुंडी हातात घेतली तो आत काहीतरी टणक लागले. पंचा उघडला. छेन्याच्या मधोमध, केशरात न्हालेला, एक चिंचोका!

दुपारी दोन तास आम्हांस अंगणात पाहिले नव्हते, असे घरात कोणीच नव्हते. आम्ही कबुली दिली. म्हणजे द्यावयास काही उरले नव्हते, तरी दिली. काकू जिना चढून वर आल्या. क्षणभर पंचाकडे, मग आमच्याकडे पाहिले, आणि सूनबाईच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "चुकले माझे, बाळ."

साखर घालून मळलेला तो छेना मंडळींनी बशा पुसून खाल्ला. एका गृहस्थांनी तर कृती लिहून घेतली. चिंच किती, हेही विचारले.

काकूंनी अर्थात काही घेतले नाही. दोन वाजून चोवीस मिनिटांनी ग्रहण सुटले, त्यांनी स्नान केले, आणि मग सूनबाईने तुळशीपत्र घालून झाकून ठेवलेली त्यांची वाटी पुढे केली. दोघी स्वयंपाकघरात बराच वेळ बोलत बसल्या होत्या. आम्हांसही पाण्यासाठी तिकडे गेल्यावर एक बशी मिळाली. तीत छेना नव्हता. धुऊन पुसून ठेवलेला चिंचोका होता.