वऱ्हाडातले दोन मारवे

शास्त्रीय संगीताची ध्वनिमुद्रणं जमवायची तर सुरुवात कुठून करावी, असं अलीकडे बरेच जण विचारतात. विचारणारे बहुतेक आमच्या अमरावती-अकोल्याकडचे. कुणी शिक्षक, कुणी बँकेत नोकरीला, कुणी मुलीला हार्मोनियमच्या क्लासला घातलेली आई. मोबाइलवर सगळं फुकट मिळतं, म्हणूनच हा प्रश्न अवघड झाला आहे. पूर्वी एक कॅसेट विकत घेताना माणूस दहादा विचार करायचा. आता एका पेनड्राइव्हवर दोन हजार फायली येतात आणि त्यातल्या दहासुद्धा शेवटपर्यंत ऐकल्या जात नाहीत. गायक कोण, राग कोणता, साल कोणतं, कशाचा पत्ता नाही. याला संग्रह म्हणता येणार नाही, हा नुसता साठा झाला.

माझं मत असं आहे की पहिल्या दिवशी फक्त दोन ध्वनिमुद्रणं घ्यावीत. दोन्ही मारवा रागाची. एक उस्ताद अमीर खाँ यांचं, दुसरं डॉ. वसंतराव देशपांडे यांचं. हीच दोन का, ते जरा सविस्तर सांगतो.

आधी पाश्चात्त्य संगीताचे शौकीन काय करतात ते पाहू. बीथोव्हेनची पाचवी सिम्फनी 1808 मध्ये व्हिएन्नात पहिल्यांदा वाजली. तिचा प्रत्येक सूर कागदावर लिहिलेला आहे, कोणतं वाद्य कधी वाजणार हेही ठरलेलं आहे. तरीही तोस्कानिनीची पाचवी वेगळी, फुर्टवेंग्लरची वेगळी आणि कार्लोस क्लायबरनं 1974 मध्ये व्हिएन्ना फिलहार्मोनिककडून वाजवून घेतलेली वेगळी. एकाची लय चढी, दुसऱ्याची भारदस्त, कुणी सुरुवातीचे ते चार ठोके दारावर धडका मारल्यासारखे वाजवतो, तर कुणी त्यानंतरची शांतता लांबवतो. आपल्या मुंबईच्या पारशी घरातले झुबिन मेहता जगभर गाजले तेही सिम्फनी लिहून नव्हे, दुसऱ्यांनी लिहिलेल्या सिम्फनींचे अर्थ लावून. म्हणून तिकडचा जाणकार ‘पाचवी सिम्फनी आहे का?’ एवढंच विचारून थांबत नाही, ‘कुणाची पाचवी?’ असं विचारतो. एकाच रचनेची तीन-चार ध्वनिमुद्रणं शेजारी ठेवून ऐकणं ही त्यांची संग्रहाची रीत आहे.

आपल्याकडे ही रीत आणखी जास्त लागू पडते. मारवा कुणी कागदावर लिहून ठेवलेला नाही. रागाचे नियम आहेत, बंदिश आहे, ताल आहे. बाकीचं सगळं गायक त्या त्या वेळी घडवतो. त्यामुळे ‘सगळ्यात चांगला मारवा कोणता?’ हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. ‘हा मारवा ऐकल्यावर तो दुसरा मला जास्त कळतो का?’ असं विचारावं. एकटं ध्वनिमुद्रण आवडतं किंवा आवडत नाही, तिथेच गोष्ट संपते. दोन शेजारी ठेवली की कान शिकू लागतो.

आता मारव्याबद्दल. हा सूर्यास्ताचा राग, म्हणजे साधारण मगरिबच्या सुमाराचा. यात पंचम नाही. रिषभ कोमल, मध्यम तीव्र. गंमत अशी की ज्या षड्जावर सगळं गाणं उभं असतं, त्या ‘सा’लाच मारवा टाळत राहतो. रिषभ आणि धैवतावर रेंगाळतो आणि ऐकणाऱ्याला घर समोर दिसत असूनही आत जाऊ देत नाही. एवढं एक सूत्र लक्षात ठेवलं तर संगीत न शिकलेला माणूसही मारवा ओळखू लागतो. नव्या श्रोत्यासाठी हा राग निवडण्याचं एक कारण हेच.

दुसरं कारण आपल्या मातीतलं आहे. अमरावतीहून रेल्वेनं अकोल्याला जाताना मूर्तिजापूर लागतं. 2 मे 1920 रोजी वसंतराव देशपांडे यांचा जन्म या मूर्तिजापूरचा. अमीर खाँ यांचा जन्म 1912 चा. काही चरित्रकार त्यांचं जन्मगाव अकोला सांगतात, तर काही कलानौर. वाढले ते इंदूरला, कारण वडील शाहमीर खाँ होळकरांच्या दरबारी सारंगी वाजवत. हा वाद अभ्यासकांनी सोडवावा. पण हिंदुस्थानी ख्यालाला नवं वळण देणाऱ्या गवयाच्या चरित्रात आपल्या अकोल्याचं नाव येतं, हे अकोल्यातल्या किती मुलांना ठाऊक आहे? मी वर्गात विचारून पाहिलं आहे. एकही हात वर येत नाही. शिक्षकांच्या खोलीत विचारलं तरी फारसा फरक पडत नाही.

अमीर खाँ यांचा मारवा एचएमव्हीनं 1960 मध्ये एलपीवर काढला. एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. झुमरा तालाची अतिविलंबित लय, मंद्र सप्तकातला खोल आवाज आणि घाई म्हणून कुठे नाही. एकेक सूर ते असा ठेवतात, जसा एखादा वडीलधारा माणूस बोलण्याआधी थांबतो. त्यांच्या गायकीवर किराण्याचे अब्दुल वहीद खाँ, देवासचे रजब अली खाँ आणि मुंबईच्या भेंडीबाजार घराण्याचे अमान अली खाँ या तिघांची छाया आहे, असं जाणकार सांगतात.

वसंतरावांचा मारवा याच्या अगदी उलटा. तिथे वीज आहे. कुठली जागा कुठून येईल सांगता येत नाही, तान अंगावर येते, मध्येच आवाज खाली उतरून थबकतो. हा मारवा त्यांना मिळाला तो लाहोरला, उस्ताद असद अली खाँ यांच्याकडून. नागपूरला शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकलेला मुलगा मामांबरोबर लाहोरला जातो आणि तिथला उस्ताद त्याला एकच राग महिनोन्महिने शिकवतो. आज ही गोष्ट कादंबरीतली वाटेल. पुढे त्यांनी सुरेशबाबू माने यांच्याकडे तालीम घेतली. सुरेशबाबू म्हणजे किराण्याच्या अब्दुल करीम खाँ यांचे चिरंजीव, त्यांचं जन्मनाव अब्दुल रहमान. आणि पुढे वसंतराव ज्या अमान अली खाँ यांच्याकडे शिकले, ते तेच भेंडीबाजारवाले, ज्यांची छाया अमीर खाँ यांच्या गाण्यावर आहे.

म्हणजे बघा, एकीकडे संथ वाहणारा मारवा, दुसरीकडे उसळणारा. एक गवई मुसलमान, दुसरा ब्राह्मण. पण मागे जावं तर दोघांच्या वाटा भेंडीबाजारच्या गल्लीत एकमेकींना मिळतात. हे भाषणात सांगितलं की लोक ‘गंगा-जमुनी तहजीब’ म्हणून टाळ्या वाजवतात आणि विसरतात. कानानं ऐकलं की विसरता येत नाही. संग्रहाचं खरं काम हे आहे.

इथे दोन आक्षेप येतात, दोन बाजूंनी.

पहिला आपल्याच घरातून. ‘सर, गाणंबजावणं आपल्यात चालत नाही, मुलांना कायले ऐकवता?’ संगीत जायज की नाजायज, यावर आपल्याकडे शेकडो वर्षं मतभेद आहेत. चिश्ती खानकाहांनी समा जपला, अनेक उलमांनी त्याला विरोध केला. मी मुफ्ती नाही, त्यामुळे फतवा देणं माझं काम नाही. ज्याला श्रद्धेपोटी ऐकायचं नाही, त्याच्या निर्णयाचा मला आदर आहे. पण ‘मी ऐकत नाही’ म्हणणं आणि ‘हे आपलं कधी नव्हतंच’ म्हणणं यांत फार अंतर आहे. पहिली गोष्ट श्रद्धेची आहे, दुसरी इतिहासाच्या विरुद्ध आहे. मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे आणि तिथे उरुसाला आजही गवई हजेरी लावतात. उर्दूच्या पुस्तकात आपण मुलांना अमीर खुसरो शिकवतो, मग ज्या तराण्याचं श्रेय परंपरा खुसरोंना देते तो मुलांनी कधीच ऐकू नये का? तराण्यातले बोल निरर्थक नाहीत, त्यांत फारसी-अरबी शब्दांचे अर्थ दडले आहेत, या विषयावर अमीर खाँ यांनी मोठा अभ्यास केला होता. उर्दूच्या शिक्षकाला याहून चांगला धडा कुठे मिळणार?

दुसरा आक्षेप पलीकडून येतो आणि तो बोलून दाखवला जात नाही. कार्यक्रमात निवेदक ऋषिमुनींपासून सुरुवात करतो आणि थेट आजच्या कलाकारापाशी येतो. मधले उस्ताद गळून पडतात. सगळेच असं करतात असं नाही. पुण्या-मुंबईच्या कितीतरी संग्राहकांनी या उस्तादांच्या तबकड्या जिवापाड जपल्या, नाहीतर आज आपल्या हाती काही लागलं नसतं. 1967 मध्ये ‘कट्यार काळजात घुसली’ रंगभूमीवर आलं, तेव्हा खाँसाहेब आफताब हुसेन उभे केले ते मूर्तिजापूरच्या याच वसंतरावांनी, आणि मराठी प्रेक्षकानं त्या खाँसाहेबांना डोक्यावर घेतलं. लोकांचं मन मोठंच आहे. पण नाव घ्यायचं राहिलं की पुढच्या पिढीला ते माणूसच नव्हते असं वाटू लागतं.

म्हणून माझा आग्रह आहे की संग्रहात नाव पूर्ण लिहा. गायकाचं नाव, राग, ताल, साल, साथीला कोण, ध्वनिमुद्रण स्टुडिओतलं की मैफलीतलं. एका वहीत किंवा फायलीच्या नावात, कुठेही. 1902 मध्ये कोलकात्यात गौहर जान यांचं पहिलं ध्वनिमुद्रण झालं तेव्हा गाण्याच्या शेवटी त्या स्वतःचं नाव इंग्रजीत मोठ्यानं सांगत. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला बनायच्या, तिथल्या कारागिरांना गाणारी कोण हे कळावं म्हणून. त्यांनी नाव सांगितलं होतं, पेनड्राइव्हवर आपण ते पुसतो!

दोन मारवे पचले की पुढे काय? तिसरी निवड तीन मिनिटांची करा. जुन्या 78च्या तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावत. अब्दुल करीम खाँ यांची 1930च्या दशकातली ध्वनिमुद्रणं ऐकली की कळतं, तासाभराचा ऐवज तीन मिनिटांत बसवणं हीसुद्धा वेगळी विद्या आहे. त्याच्याशेजारी त्यांच्या कन्या हिराबाई बडोदेकर यांची तबकडी ठेवा. बाप-लेकीचे सूर किती जवळचे आणि कुठे वेगळे, हे तुमचं तुम्हालाच सापडेल.

चौथी निवड अशा उस्तादांची करा ज्यांचा आवाज मिळतच नाही. कोल्हापूर दरबारचे अल्लादिया खाँ यांनी तबकड्या काढल्या नाहीत. त्यांना ऐकायचं तर त्यांच्या शिष्यांमधून. गोव्याच्या केरीत जन्मलेल्या केसरबाई केरकर ही त्यातली सगळ्यात मोठी साक्ष. त्यांची भैरवी 1977 मध्ये व्हॉयेजर यानावरच्या सोनेरी तबकडीतून अंतराळात गेली. ज्या उस्तादानं स्वतःचा आवाज तबकडीत बंद केला नाही, त्याची तालीम आज आंतरतारकीय अवकाशात पोचली आहे.

पाचवी निवड एका सिम्फनीची. बीथोव्हेनची पाचवीच घ्या, पण दोन वेगळ्या संचालकांची. लिहिलेल्या सुरांतही माणूस किती वेगळा उमटतो हे ऐकलं की मुलांना आपल्या न लिहिलेल्या संगीताची किंमत जास्त कळते. पाच निवडी झाल्या, जेमतेम आठ-दहा ध्वनिमुद्रणं. एका वर्षासाठी भरपूर झाली.

शाळांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रकाशनानंतरच्या वर्षापासून 60 वर्षं चालतो. म्हणजे 1960 च्या त्या मारव्याचं मूळ ध्वनिमुद्रण 1 जानेवारी 2021 पासून मोकळं झालं. ते शाळेच्या संगणकावर ठेवायला, मुलांना ऐकवायला आता ती अडचण राहिलेली नाही. नंतरची ध्वनिमुद्रणं मात्र विकत घ्या किंवा अधिकृत ठिकाणी ऐका. संगीताचा वारसा चोरीच्या फायलींनी जपायचा नसतो.

आणि शेवटचं, खास आपल्या वाचकांसाठी. अकोला, अमरावती, अचलपूर, बाळापूर, कारंजा इथल्या जुन्या घरांत माळ्यावर अजून तबकड्या असतील. दादा-नानांच्या काळातल्या कव्वाली, नाट्यगीतं, एखाद्या उस्तादांची ठुमरी. घर नव्यानं बांधताना त्या सगळ्यात आधी भंगारवाल्याकडे जातात. जाऊ देऊ नका. 78च्या तबकड्या लाखेच्या, पडल्या की फुटतात. त्या आडव्या थप्पीत न रचता उभ्या ठेवा, उन्हापासून दूर ठेवा आणि लेबलचा फोटो काढून ठेवा. मुंबईत 1990 पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांची संस्था आहे. अशा जाणकारांना लेबल दाखवलं तर आपल्या हातात काय आहे ते कळू शकेल. ज्यांना ऐकायचं नाही त्यांनी ऐकू नये, पण टाकू नये. ऐकणारं कुणीतरी त्याच घरात पुढे जन्माला येईल.