माणशी बहात्तर एकर, पण कसणार कोण?



दोन दिवस वाफसा नाही, कुळव तसाच बांधावर पडलाय. म्हणून आज पिकाचं नाही, लांबच्या एका मुलखाचं लिहितो.

सर्बिया देशाच्या आग्नेय कोपऱ्यात, बल्गेरियाच्या हद्दीला लागून त्सर्ना त्रावा म्हणून नगरपालिका आहे. नावाचा अर्थ 'काळं गवत'. तिकडची नगरपालिका म्हणजे आपल्या छोट्या तालुक्यासारखी, मधे एक मुख्य गाव आणि भोवती खेडी. सगळा डोंगर, जंगल आणि कुरणं, मधून व्लासिना नदी वाहते. क्षेत्र 312 चौरस किलोमीटर. 1948 च्या जनगणनेत तिथं 13,614 माणसं होती. 2022 ला उरली 1,063. म्हणजे तेरातला एक. सर्बियात एवढी कमी वस्तीची दुसरी पालिका नाही.

आता शेतकऱ्याचा हिशेब करू. 312 चौरस किलोमीटर म्हणजे साधारण 77 हजार एकर. जंगल, डोंगर सगळं धरून माणशी बहात्तर एकर! इथं आपण हातभर बांधासाठी भावाला कोर्टात खेचतो.

कुणी म्हणेल, डोंगराची जमीन, पोटाला पुरेना, म्हणून लोक गेले. मला हे अर्धंच खरं वाटतं. कारण तिथले लोक आधीपासूनच बाहेर जात होते. त्सर्ना त्रावाचे गवंडी नावाजलेले. वसंत ऋतूत बाप्ये कामाला बाहेर पडायचे, बेलग्रेडसारख्या शहरांत घरं बांधायचे आणि थंडीच्या तोंडाला परत यायचे. मागं शेत, मेंढरं, म्हातारी माणसं बायका सांभाळायच्या. अशा पिढ्या गेल्या, तरी गाव भरलेलं होतं.

गाव रिकामं झालं ते दुसऱ्या महायुद्धानंतर. शहरात कायमची नोकरी मिळायला लागली, राहायला घर मिळालं. मग गवंड्याबरोबर बायको गेली, पोरं गेली. म्हातारी माणसं तेवढी मागं राहिली. ज्यांनी दुसऱ्यांची शहरं उभी केली, त्यांच्याच घरांना कुलपं लागली.

म्हणून माझं मत असं, की माणूस बाहेर गेल्यानं गाव ओस पडत नाही. त्याचं परत यायचं कारण संपलं की पडतं. नुसता रस्ता करून भागत नाही, रस्त्यानं जाताही येतं. गावात शाळा पाहिजे, दवाखाना पाहिजे आणि घरातल्या बाईला इथं राहावंसं वाटलं पाहिजे. ती गेली की परत यायला उरतं काय? आणि गेली तर तिला दोष तरी कसा द्यायचा?

हे सगळं आज का लिहितोय तेही सांगतो. थोरला पोरगा सहा वर्षं पुण्यात कामाला आहे. पेरणीला यायचा, सुगीला यायचा, मला काळजी नव्हती. यंदा सून आणि नातू पण गेले. नातवाचं नाव तिकडच्या शाळेत घातलं. पोराचं चुकलं असं म्हणवत नाही. पण पेरणीला या खेपेला त्याचा फोन आला, तो नाही आला.

तुमच्या गावात यंदा पहिलीत किती पोरं बसली? खाली आकडा लिहा. सात-बारा नंतर बघू.