नाव एक, ताकद शंभरपट

मुलाच्या चष्म्याचा नंबर दरवर्षी वाढतो. तो रोखणारे थेंब निघालेत म्हणे, घालावेत का, असे पालक हल्ली विचारतात. आलेला नंबर या थेंबांनी उतरत नाही. काही मुलांत वाढीचा वेग तेवढा कमी होतो.

औषधाचे नाव अ‍ॅट्रोपिन. आपल्या बांधावरच्या धोतऱ्यातही हे द्रव्य असते. धोतरा पोटात गेला की बाहुल्या मोठ्या होतात, तोंड कोरडे पडते, अंग तापते, माणूस बरळतो. तेव्हा प्रश्न सारा प्रमाणाचा आहे.

सिंगापूरच्या डॉक्टरांनी २००६ साली १ टक्का थेंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. नंबराची वाढ बरीच मंदावली. पण उजेड सहन होईना, जवळचे अक्षर पुसट दिसे आणि थेंब बंद करताच नंबर झपाट्याने वाढू लागला. २०१२ साली त्यांनीच ०.०१ टक्क्याचा अनुभव मांडला, त्यात त्रास अगदी थोडा होता. आपल्याकडे दिल्लीच्या एम्समधील डॉक्टरांच्या अभ्यासातही या सौम्य थेंबांचा फायदा दिसला. अमेरिकेत मात्र २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काहीच उपयोग आढळला नाही. म्हणून नंबर भराभर चढत असेल तरच हे थेंब, तेही नेत्रतज्ज्ञाच्या देखरेखीखाली, असे माझे मत आहे.

मला खरी धास्ती वेगळीच वाटते. हसनाबादहून भोकरदन किंवा जालना गाठायचे म्हणजे दिवस मोडतो. मग मेडिकलवर नुसते नाव सांगून बाटली आणली जाते. १ टक्क्याचे अ‍ॅट्रोपिन डोळ्यांच्या इतर विकारांसाठी मिळतेच. ते ०.०१ च्या शंभरपट तीव्र! बाटलीवरचा आकडा चिठ्ठीशी ताडून पाहिल्याशिवाय दुकानाची पायरी उतरू नका.

थेंब रात्री झोपताना घालावा आणि नाकाजवळचा डोळ्याचा कोपरा मिनिटभर हलके दाबून धरावा. नाहीतर औषध नाकाघशात उतरून अंगात भिनते. आपल्याकडच्या उन्हात शाळेला जाताना टोपी हवीच. डोळा लाल झाला, खाज सुटली किंवा वाचताना अक्षर पुसट दिसू लागले, तर डॉक्टरांना दाखवा. चेहरा लाल, अंग गरम, छातीत धडधड असे झाले तर पुढचा थेंब न घालता तडक दवाखाना गाठा. एरवी मात्र मनानेच थेंब बंद करू नका. ते कधी आणि कसे कमी करायचे, हे दर सहा महिन्यांनी नंबर तपासून डॉक्टर ठरवतील.