जेवणाआधीचा 'अ'

मराठी शाळेतल्या मुलांच्या इंग्रजी वह्यांत 'आय हॅड अ ब्रेकफास्ट' हे वाक्य हमखास सापडतं. शिक्षक त्यातल्या 'अ'वर लाल काट मारतात आणि पुढच्या वहीकडे वळतात. मूल मात्र गोंधळतं. एकवचनी नामाआधी 'अ' किंवा 'ॲन' लावायचा, हे त्याला वर्गातच शिकवलेलं असतं. मग चुकलं कुठे?

ब्रेकफास्ट, लंच, डिनर, सपर ही नामंच आहेत, पण रोजच्या क्रमातल्या वेळा म्हणून ती आली की इंग्रजी त्यांना उपपद लावत नाही. 'आफ्टर लंच', 'बिफोर डिनर', 'वी हॅड ब्रेकफास्ट ॲट एट'. यात ताटात काय होतं याला महत्त्व नाही. दिवसातला एक टप्पा पार पडला, एवढंच सांगायचं आहे. त्या जेवणाचं वर्णन आलं, की ते इतर जेवणांपासून वेगळं होतं आणि 'अ' हजर होतो: 'अ हेवी ब्रेकफास्ट', 'अ क्विक लंच'. बोलणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असलेलं ठरावीक जेवण असेल, तर 'द': 'द डिनर दे गेव्ह अस'. मेजवानी या अर्थी 'अ डिनर'ही चालतं. 'मील' हा शब्द मात्र या पंगतीत बसत नाही. 'हॅव मील' चूक, 'हॅव अ मील' बरोबर. कारण ते वेळेचं नाव नाही, मोजायची वस्तू आहे. म्हणूनच 'थ्री मील्स अ डे'.

ही रीत जेवणापुरती नाही. मूल शिकायला जातं ते 'टू स्कूल'. त्याची आई पालकसभेला जाते ती 'टू द स्कूल'. इमारत तीच, पण पहिल्या वाक्यात नित्यक्रम आहे आणि दुसऱ्यात जागा. 'टू बेड'चंही तसंच.

मराठीत उपपदं नाहीत, म्हणून हे आपल्या मुलांना जमणार नाही, असं म्हणणं मला मान्य नाही. 'जेवण झालं का?' हा रोजचा प्रश्न. 'पंगतीतली जेवणं उरकली' म्हणताना आपण त्याच शब्दाचं अनेकवचन करतो. 'त्यांनी गावाला एक जेवण दिलं' यातला 'एक' प्रसंग वेगळा काढून दाखवतो. टपरीवर 'दोन चहा' सांगताना न मोजता येणारा चहा आपण मोजतोच; इंग्रजीतही गिऱ्हाईक 'टू टीज, प्लीज' म्हणतं. नित्याचं काय आणि प्रसंगाचं काय, हा फरक मुलांच्या कानात आधीपासून आहे. त्याला हाक मारायची तेवढी बाकी आहे.

महाराष्ट्रात 2000 पासून मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवलं जातं. म्हणजे दहावीपर्यंत दहा वर्षं हाताशी असतात. ती रिकाम्या जागा भरण्यात घालवू नयेत. सुटं वाक्य देऊन 'अ, ॲन की द?' विचारलं, की मूल अंदाज बांधतं. त्याऐवजी मधल्या सुट्टीनंतर पाच मिनिटं डब्याविषयी इंग्रजीतून बोलू द्यावं. 'फॉर लंच', 'आफ्टर लंच', 'अ गुड लंच' असे अख्खे शब्दसमूह तोंडात बसले, की नियम नंतर सांगितला तरी चालतो. शिक्षकांना माझी विनंती एवढीच: 'अ'वर काट मारण्याआधी मुलाला विचारा, तू रोजच्या जेवणाबद्दल बोलतो आहेस की एखाद्या खास जेवणाबद्दल? उत्तर मराठीतून आलं तरी चालेल.