नाव कुणाच्या नावावर?

गेल्या वर्षी दसरा झाला नि दुसऱ्याच दिवशी सकाळी माझ्या धाकट्या जावेचा रडवेला फोन आला. "वहिनी, आपली वेबसाइट उघडतच नाहीये हो!"

जाऊ कर्वेनगरला राहते. चकलीची भाजणी, अनारशाचं पीठ, कडबोळी असं घरी करून विकते. ज्यांची मुलं परदेशी आहेत त्या आया फराळाचे डबे पाठवतात, त्यांच्या मागण्या दसऱ्यानंतरच्या आठवड्यातच येतात. तिची वर्षाची निम्मी कमाई त्या आठ दिवसांची. आणि नेमकं तेव्हाच दुकानाला कुलूप!

झालं होतं असं. चार वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका चुणचुणीत मुलाने तिला वेबसाइट करून दिली. पैसेही वाजवी घेतले. पण वेबसाइटचं नाव त्याने स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या ईमेलवर घेतलं होतं. पुढे तो नोकरीसाठी बंगळूरला गेला, फोन नंबर बदलला. 'मुदत संपते आहे, पैसे भरा' अशी पत्रं त्याच्या जुन्या ईमेलवर जाऊन पडली. ती कोण वाचणार? कंपनीला फोन केला तर उत्तर एकच : खातं ज्याचं, त्याच्याशीच बोलू. (रागावू नका, ते बरोबरच आहे. उद्या कुणीही उठून तुमचं नाव मागितलं तर?)

त्याच्या मावशीमार्फत मुलगा सापडला. 'डॉट कॉम'च्या नावाला मुदतीनंतर थोडी सवड असते, ती उलटली तरी आणखी ३० दिवस दंड भरून मूळ मालकाला ते सोडवता येतं. त्यानंतर मात्र कुणीही घ्यावं. दंड भरला, वेबसाइट उघडली ती वसुबारसेला. तोवर परदेशचे डबे दुसऱ्यांकडून रवानासुद्धा झाले होते.

तेव्हापासून कुणी 'वेबसाइट काढायची म्हणतेय' म्हटलं की मी रंग-चित्रांचं बोलतच नाही. यात तीन गोष्टी वेगवेगळ्या असतात. नाव म्हणजे दारावरची पाटी, साठवणीची जागा म्हणजे भाड्याची खोली, आणि पानं म्हणजे आतली मांडणी. मांडणी कुणाकडूनही करून घ्या, पण पाटी आणि खोली आपल्या नावावर, आपल्या ईमेलवर, आपल्या फोनवर. नाव विकतही मिळत नाही, भाडेपट्ट्याने मिळतं, एका वेळी फार तर १० वर्षांसाठी. 'माझा ईमेलच नाही, ह्यांच्याच ईमेलवर करू' असं पुष्कळजणी म्हणतात. का बरं? भाजणी कोण भाजतं? आमचे हे हे वाचून गालात हसले, पण काही बोलले नाहीत.

नाव निवडताना आपली मराठी रोमन लिपीत फार छळते. 'फराळ' कुणी 'एफ'ने लिहितं, कुणी 'पीएच'ने. म्हणून नाव ठरलं की एखाद्या आत्याबाईंना फोनवर सांगून लिहायला लावा. तीनदा समजावावं लागलं तर सोडून द्या. 'डॉट इन' २००५ साली सर्वांना खुलं झालं. ऑगस्ट २०१४पासून देवनागरीत 'डॉट भारत'ही मिळतं. ते दिसतं फार गोड, पण ज्याच्या फोनवर मराठी कळपट नाही त्याची पंचाईत होते. जोडीला घ्या, एकटं नको.

आता पानांचं. आपल्या पुणेरी पाटीसारखा गुरू नाही! काय मिळेल, काय मिळणार नाही, बेल कधी वाजवू नये, सगळं चार ओळींत. जावेच्या जुन्या वेबसाइटवर फिरत्या पणत्या होत्या, 'आमच्याविषयी' दोन पानं होती, आणि भाव कुठेच नव्हता! या खेपेला मी तिला वीस पानी वही दिली नि सांगितलं, आठ दिवस फोनवर जे जे विचारतात ते लिही. किलोला किती? शेंगदाणे आहेत का? किती दिवस टिकेल? कधीपर्यंत सांगावं? वही भरली, तीच वेबसाइट झाली. अन्न नोंदणीचा १४ आकडी क्रमांक वर घातला. फोटो सकाळी खिडकीपाशी, तिच्याच स्टीलच्या ताटात काढले. मजकूर युनिकोड मराठीत, म्हणजे 'भाजणी' शोधणाऱ्याला सापडतो.

सगळं गिऱ्हाईक एकाच सोसायटीतलं असेल तर मात्र हा खटाटोप करू नका, व्हॉट्सअ‍ॅप पुरतं. मी माझ्या शिकवणीसाठी वेबसाइट काढणार होते, पण दहा मुलांसाठी कशाला, म्हणून सोडून दिलं.

जावेच्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत आता गॅस सिलिंडरच्या खुणेशेजारी, मुदतीच्या महिनाभर आधी, लाल पेनाने 'नावाचे पैसे' असं लिहिलेलं असतं. आणि ती वही कपाटात, दागिन्यांच्या पावत्यांशेजारी.